बुधवारची जागा

कचेरीत त्यांना समोर सगळे ‘सर’ म्हणायचे आणि पाठ वळली की ‘पोटकलम’. नव्या कायद्याबद्दल कोणी तोंड उघडायचा अवकाश, यांचा प्रश्न ठरलेला, “पोटकलम वाचलंत का?” समोरच्यानं अर्थातच वाचलेलं नसायचं. अहो, सभागृहात हात वर करून ज्यांनी तो कायदा मंजूर केला, त्यांनी तरी कुठे वाचलेलं असतं! मग पोटकलम छताकडे बघत अख्खं कलम तोंडपाठ म्हणून दाखवायचे, स्वल्पविरामाच्या जागी थांबूनसुद्धा. ऐकणारा गार पडायचा आणि पुन्हा म्हणून त्यांच्या वाटेला जायचा नाही.

दर बुधवारी, वर्तमानपत्राच्या संपादकीय पानावर, डाव्या हाताला, वरपासून खालपर्यंत त्यांचा लेख. सव्वीस वर्षं. मधे तीन संपादक झाले, सरकारं आली नि गेली, कागद पातळ झाला, पण ती जागा हलली नाही. विषय देशाचं राजकारण, आणि बाजू जुन्या वळणाची. एखादी गोष्ट का चालत आलीय हे कळल्याशिवाय ती मोडू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. सुधारणेला त्यांची ना नव्हती, घाईला होती. जो तंटा दोन शेजारी पायरीवर बसून मिटवू शकतात, त्याच्यासाठी सरकारी खातं कशाला, असं ते विचारायचे. शाळांचं विधेयक आलं तेव्हा मूल आधी आईबापाचं की खात्याचं, यावर त्यांनी सलग पाच बुधवार लिहिलं. आणि निवडणूक तोंडावर आली म्हणून त्यांच्याच बाजूच्या पक्षानं घाईघाईत कायदे रेटले, तेव्हा त्यांनाही सोलून काढलं. त्यामुळे त्या पक्षाची माणसं त्यांना नमस्कार करायची, पण सभेला कधी बोलवायची नाहीत.

सगळं बरोबर असायचं हो. फक्त वाचायला जड. महिन्याला चार पत्रं यायची. एक निवृत्त न्यायाधीशांचं, एक कायम त्याच शाळामास्तरांचं, उरलेली दोन शुद्धलेखनाबद्दल. पोटकलमांना तेवढी पुरायची, कारण कचेरीत दुसऱ्या कोणाला तेवढीसुद्धा येत नव्हती.

लेख ते हातानं लिहायचे. तो टाइप करायला अठरा वर्षांपूर्वी एक बाई लागल्या. शांत, नीटनेटक्या, डबा खाताना पुढ्यात काहीतरी वाचायला घेणाऱ्या. सगळे त्यांना टायपिस्टबाई म्हणायचे. आत्ताच्या संपादकांचे काका तेव्हा संपादक होते. त्यांनी एक दंडक घालून दिला होता, तो अजून चालत होता. लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी मजकूर मूळ कागदांशी ताडून पाहायचा, प्रुफावर ‘वाचलं’ म्हणून सही करायची, आणि त्या सहीशिवाय एक ओळ छापायला जायची नाही. म्हणून मंगळवारी दुपारी ही दोघं समोरासमोर बसायची. बाई लेख मोठ्यानं वाचायच्या, पोटकलम डोळे मिटून ऐकायचे, मग बाई सही करायच्या.

बाईंचा आवाज सावकाश, स्वच्छ. त्या आवाजात आपली वाक्यं ऐकताना पोटकलमांना इतकं बरं वाटायचं की पुढे पुढे कचेरीत ते स्वतः काही वाचेनासेच झाले. विधेयक आलं, “बाई, वाचा जरा.” बारीक टाइपातलं परिपत्रक आलं, “बाई, बघा बरं काय म्हणतायत.” आणि लगेच डोळे मिटायचे. घरी मात्र रोज सकाळी खिडकीत बसून, चष्मा काढून, तेच कागद ते तीन-तीनदा वाचायचे. लांबचं त्यांना धूसर दिसायचं, पण नाकाशी धरलेलं अक्षर चौसष्टाव्या वर्षीही लख्ख. हे घरच्या खिडकीखेरीज कोणाला माहीत नव्हतं, आणि असण्याचं कारणही नव्हतं.

आता या सरळ चाललेल्या संसारात खडा कोणी टाकला? यांनीच टाकला. निवडणुका चार महिन्यांवर आल्या असताना पोटकलमांना ताप भरला. बुधवार मोकळा जाणार म्हणून संपादकांनी घरी फोन केला. हे पांघरुणातून म्हणाले, “टायपिस्टबाईंना सांगा. माझे मुद्दे त्यांना पाठ आहेत. काहीतरी जुळवतील.”

बाईंनी जुळवलं. घरबसल्या मत देता यावं अशी एक सूचना तेव्हा पुढे आली होती, तिच्यावर लिहिलं. सासूबाई दर निवडणुकीला ठेवणीतले कपडे घालून, काठी टेकत, अर्धा तास चालत मत द्यायला जातात, त्यांची गोष्ट लिहिली. वर्षभर ज्या शेजारणीशी अबोला, तिच्याच मागे रांगेत उभं राहावं लागतं आणि ऊन लागलं की तिचंच पाणी प्यावं लागतं. मत ही घरी मागवायची वस्तू नाही, चालत जाऊन करायचं काम आहे, असं शेवटी म्हटलं होतं. मोजून दीड वीत लेख. त्याच्यावर त्रेसष्ट पत्रं आली.

संपादकांनी बाईंना निवडणुकीपुरता शुक्रवार दिला. त्याचं प्रूफ बाई गुरुवारी वाचून दाखवायच्या आणि ‘वाचलं’ची सही पोटकलम करायचे. पोटकलम तापातून उठून कचेरीत आले तर बाईंच्या टेबलावर पत्रांचा गठ्ठा. ते आपल्या खुर्चीवरून गठ्ठ्याची जाडी बघत राहिले. बाई म्हणाल्या, “सर, तुमच्यामुळे झालं सगळं.” हे म्हणाले, “छे छे, तुमचे कष्ट.” तोंडावर हसू आणि आत नुसता जाळ.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून माणूस जळतो का? जळतो बाबा. आणि पोटकलम तर हिशेबी माणूस, ते पद्धतशीर जळायचे. शुक्रवारी सकाळी पेन्सिल घेऊन बसायचे आणि बाईंच्या लेखात जे जे आपलं वाटेल त्याच्याखाली रेघ मारायचे. चोरी तर पकडू एकदा, मग बघतो! पहिल्या लेखात दोन रेघा निघाल्या. दुसऱ्यात एक. तिसऱ्यात एकही नाही, आणि तो लेख तिन्हींत उत्तम होता. त्या दिवशी पेन्सिलीचं टोक मोडलं. मतं तीच होती, बाजू तीच, पण लिहिणं सगळं बाईंचं स्वतःचं. चोर म्हणावं तर चोरी नाही. करायचं काय माणसानं?

न्हाव्याकडे गेले तर तो कात्री थांबवून म्हणाला, “तुमच्या कचेरीतल्या त्या बाई काय लिहितात हो! तुमची ओळख असेलच.” सव्वीस वर्षं हा माणूस यांचे केस कापत होता आणि सव्वीस वर्षं यांचा लेख दुकानातल्या बाकावर पडलेला असायचा. पोटकलम म्हणाले, “आहे थोडी.”

घरी तर कहर. शुक्रवारी बायको भाजी निवडायची सोडून लेख वाचत बसलेली, आणि मधेच खुदकन हसायची. एकदा यांनी न राहवून विचारलं, “एवढं काय आहे त्यात?”

“चांगलं आहे.”

“आणि माझं?”

बायकोनं विचार केला. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं, तोच मोठा घोळ. “तुमचं वाचलं ना, की मला कळतं तुम्हाला किती कळतं,” ती म्हणाली. “यांचं वाचलं की मला कळतं.”

त्या दिवशी ते जेवणावरून अर्धवट उठले.

निवडणुकीला पाच आठवडे उरले तेव्हा संपादकांनी दोघांना बोलावून सांगितलं, की निकालानंतर पानं कमी होणार आहेत. राजकारणावर एकच लेख राहील, बुधवारचा. “कोणाचा ते तेव्हा बघू,” ते म्हणाले, आणि हे म्हणताना खिडकीबाहेर बघत होते. पोटकलम काय समजायचं ते समजले. नोकरी जाणार नव्हती. संदर्भाची कात्रणं लावायला, जुन्या फायली सांभाळायला माणूस लागतोच. पण बुधवार जाणार होता. बुधवार गेला की पोटकलम नावाचा माणूस उरतो कुठे? शुद्धलेखनाची दोन पत्रंसुद्धा मग येणार नाहीत.

सभागृहात तेव्हा मतदारयाद्यांच्या शुद्धीकरणाचं विधेयक होतं. त्यातलं कलम नऊ वाईट होतं. अधिकारी दोनदा घरी आला आणि माणूस भेटला नाही, तर त्याचं नाव नोटीस न देता यादीतून काढायची मुभा. बाईंनी यावर लिहायचं ठरवलं. आजारी माणूस दवाखान्यात असतो, म्हातारी लेकीकडे गेलेली असते, आणि परत आल्यावर कळतं की आपण या देशाचे मतदारच नाही. त्यांच्या लेखात हे असणार हे पोटकलमांना ठाऊक होतं, कारण जेवणाच्या सुट्टीत बाई त्यांच्याशीच बोलल्या होत्या.

आणि मंगळवारी सकाळी सभागृहाच्या कार्यालयातून पाकीट आलं. विधेयकं, दुरुस्त्या, सगळे छापील कागद सव्वीस वर्षं पोटकलमांच्या नावानं यायचे. त्यांनी पाकीट फोडलं. आत एकच पान होतं, मुंगीच्या पायांसारखा टाइप. कलम नऊ बदललं होतं. नाव काढण्याआधी कामकाजाच्या पंधरा दिवसांची लेखी नोटीस, आणि सुनावणी. रोजची रीत अशी, की असा कागद आला की पोटकलम तो उचलून बाईंच्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, “बाई, वाचा जरा.” त्या दिवशी त्यांनी तो स्वतः वाचला, घडी घातली आणि खणात टाकला. नंतर देऊ, असं ते स्वतःला म्हणाले. मंगळवारी दिला नाही. बुधवारी दिला नाही.

गुरुवारी दुपारी बाई प्रूफ घेऊन आल्या. “सर, उद्या सभागृहात चर्चा आहे, त्यामुळे आजच जायला हवं. वाचून दाखवू का?”

“नको. मी बघतो.”

बाई क्षणभर घुटमळल्या. “बारीक आहे टाइप.”

“बघतो म्हटलं ना.”

चौथ्या परिच्छेदात ते वाक्य होतं. ‘कलम नऊनुसार एका ओळीचीही नोटीस न देता तुमचं नाव पुसलं जाऊ शकतं.’ पोटकलमांची पेन्सिल तिथे थांबली. त्यांच्या मनात काय आलं नाही? सही म्हणजे स्वल्पविरामांची जबाबदारी, मजकूर लिहिणाऱ्याचा, असं आलं. लिहायला बसता तर दुरुस्त्या बघायची अक्कल नको का, असंही आलं. आणि खाली, सगळ्याच्या खाली, एकच गोष्ट होती. पडू दे एकदा. एकदाच पडू दे. त्यांनी ‘वाचलं’ लिहिलं आणि नेहमीपेक्षा जरा ठसठशीत सही केली.

“काही सापडलं?” बाईंनी विचारलं.

“एक स्वल्पविराम.”

“तुम्ही पाहिलंत म्हणजे मी निर्धास्त,” बाई म्हणाल्या आणि प्रूफ घेऊन गेल्या.

शुक्रवारी जे व्हायचं ते झालं, वर थोडं जास्तच झालं. यांच्याच बाजूच्या पक्षाचे एक पुढारी सभागृहात पेपर फडकवत उठले आणि बाईंचं ते वाक्य त्यांनी दणदणीत आवाजात वाचलं. मंत्री शांतपणे उभे राहिले. त्यांनी दुरुस्तीचा कागद वाचून दाखवला आणि म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी वर्तमानपत्र वाचण्याऐवजी विधेयक वाचलं असतं तर बरं झालं असतं. हशा. शनिवारी दुसऱ्या सगळ्या पेपरांत तो हशाच पहिल्या पानावर. जुन्या वळणाची माणसं भीती पसरवतात, त्यांना कायदे वाचता येत नाहीत, वगैरे. निवडणूक तीन आठवड्यांवर, आणि बाजूची अशी शोभा.

शनिवारी सकाळी पोटकलमांनी दुसऱ्यांदा चहा मागितला. आरशासमोर उभं राहून गुणगुणत दाढी केली. बायको म्हणाली, “आज काय, स्वारी फारच खुशीत!” मग पेपर वाचला आणि तिचा चेहरा पडला. “बिचारी,” ती म्हणाली. “कोणीतरी सांगायला नको होतं का तिला?” झालं. पोटकलमांचा चहा कडू झाला. चुकली तरी कौतुक हिचंच! सव्वीस वर्षांत आपल्याला कोणी एकदा तरी बिचारा म्हणालं होतं का?

सोमवारी सकाळी दहाला संपादकांच्या खोलीत दोघांना बोलावणं आलं. संपादक अडतिशीचे, सरळ माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या आवाजाला धार होती. टेबलावर तीन कागद होते. दुरुस्तीचं पान, बाईंच्या लेखाचं प्रूफ आणि एक लहानसं हिरवं चिटोरं.

“सभागृहाच्या कार्यालयाला मी विचारलं,” ते म्हणाले, “दुरुस्ती आम्हाला का नाही पाठवली म्हणून. ते म्हणाले, मंगळवारी पाठवली. ही पोच.” त्यांनी हिरवं चिटोरं पुढे सरकवलं. “सर, सही तुमची आहे. आणि गुरुवारच्या प्रुफावर ‘वाचलं’ म्हणून सही, तीही तुमचीच.”

पोच! पोटकलमाचं पोटकलम ज्याला तोंडपाठ, तो माणूस स्वतःची सही विसरला होता. पाकिटं आणणाऱ्याच्या हिरव्या पोचवहीत सव्वीस वर्षं न बघता खरडत आले होते ते. आपल्याकडे पाकीट आल्याचा पुरावा कुठेतरी असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“तुम्हाला माहीत होतं?” संपादकांनी विचारलं.

पोटकलमांनी तोंड उघडलं. त्यांच्याआधी बाई बोलल्या.

“साहेब, सरांना नका बोलू. चूक माझी आहे.” बाईंचा आवाज नेहमीसारखा सावकाश नव्हता. “सरांना बारीक अक्षर दिसत नाही. तीन वर्षं झाली. ते बोलून दाखवत नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही, त्यांना लागेल म्हणून. सगळे कागद ते माझ्याकडून वाचून घेतात. हा टाइप बघा की किती बारीक. त्यांना कागद काय आहे तेच कळलं नसणार. आणि प्रूफ मी वाचून दाखवायला हवं होतं. दिसत नाही हे माहीत असून मी त्यांच्या हातात दिलं.”

संपादक हळूच म्हणाले, “तीन वर्षं? मग लेख? सव्वीस वर्षांत यांच्या लेखावर एक खुलासा छापावा लागला नाही, असं काका अभिमानानं सांगायचे.”

बाई खाली बघत म्हणाल्या, “टाइप करताना मी मूळ कागदांशी ताडून घेते. एखादा आकडा इकडचा तिकडे झालेला असतो. मागच्या वर्षी कलम बाराचं एकवीस झालं होतं, शाळांच्या लेखात एकदा साल चुकलं होतं. एवढंच. बाकी सगळं सरांचंच.”

पोटकलमांच्या कानात गरम हवा शिरली. कलम एकवीस! ती चूक डोळ्यांची नव्हती. घाईची होती, गर्वाची होती, सगळं तोंडपाठ आहे म्हणून कागद न उघडण्याची होती. आणि ती या बाईनं मुकाट्यानं पुसली होती, न सांगता.

संपादकांच्या चेहऱ्यावरची धार पार गेली होती. ते उठून खुर्चीजवळ आले. “सर, सांगायचं होतंत की. आम्ही काय परके आहोत? आता असं करू या. बुधवारचा त्रास घेऊ नका. निरोपाचा एक मोठा लेख छापू, फोटो घालू, काकांच्या वेळच्या आठवणी घालू. सन्मानानं. हे पोचेचं प्रकरण इथेच मिटलं.”

बघा, सुटका समोर उभी होती. मान खाली घालायची, डोळ्यांवरून एकदा हात फिरवायचा, झालं काम. कोणी एक अक्षर विचारणार नव्हतं. फोटो छापला जाणार होता. पोटकलमांनी मान खाली घातलीही. आणि त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून बाईंचा चेहरा दिसला. त्या चेहऱ्यावर त्यांच्याबद्दल नुसती माया होती.

तेच त्यांना सोसलं नाही. शुक्रवार घेतला, त्रेसष्ट पत्रं घेतली, न्हावी घेतला, घरची बायको घेतली, आता बुधवारही घेणार. आणि एवढं सगळं घेऊन वर मोठं मनही हिनंच दाखवायचं? आणि आपण काय राहायचं, तर दयेचा आंधळा म्हातारा? पुण्य म्हणावं असं काही त्या क्षणी त्यांच्या मनात नव्हतं. मला हे खोटं सांगता येणार नाही. नुसती जळजळ होती, आणि तिनंच त्यांना खुर्चीतून उठवलं.

त्यांनी टेबलावरचं दुरुस्तीचं पान उचललं. चष्मा काढून खिशात घातला. पान नाकाशी धरलं आणि वाचायला सुरुवात केली. कलम नऊ, पोटकलम एक. पोटकलम दोन, खंड अ, खंड आ. लेखी नोटीस. कामकाजाचे पंधरा दिवस. सुनावणीची संधी. तळटीपसुद्धा वाचली, जी त्या मुंगीच्या टाइपाच्याही निम्म्या आकाराची होती. छापखान्याचा क्रमांक वाचला. कुठे अडखळले नाहीत. मग पान खाली ठेवलं.

बाईंनी ते पान आपल्याकडे ओढून तळटीप शोधली.

“दिसतं तुम्हाला,” बाई म्हणाल्या.

“दिसतं.”

“मंगळवारीच वाचलं होतंत?”

“मंगळवारी. आणि गुरुवारी तुमचं वाक्य आलं तेव्हा पाठ होतं.”

“मग?”

पोटकलमांना सव्वीस वर्षांत कधी शब्द कमी पडला नव्हता. “जळत होतो,” ते म्हणाले. “तुमच्यावर. त्या त्रेसष्ट पत्रांपासून.”

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “शनिवारी सगळे मला हसत होते, तेव्हा मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बसले होते. तुमच्यासाठी. म्हटलं, सर स्वतः जाणार नाहीत. गुरुवारची वेळ घेऊन ठेवलीय तुमच्या नावानं.” त्यांनी हिरवं चिटोरं उचलून प्रुफावर ठेवलं. “ती रद्द करते.”

संपादक बाईंकडे न बघता म्हणाले, “खुलासा द्यावा लागेल. बुधवारीच. कोण लिहितं?”

“मी लिहिते,” बाई म्हणाल्या. “वाक्य माझं होतं.”

“खाली नाव माझं घाला,” पोटकलम म्हणाले.

बाईंनी मान वर केली नाही. टेबलावरचा कोरा कागद ओढला, लिहायला लागल्या. मधे एकदा विचारलं, “पंधरा दिवस, की कामकाजाचे पंधरा?”

“कामकाजाचे.”

लिहून झालं. दंडकाप्रमाणे तो दुसऱ्या कोणीतरी वाचून सही करायला हवा होता. शुक्रवारच्या प्रुफांच्या सवयीनं पोटकलमांचा हात पुढे झाला. बाईंनी कागद संपादकांपुढे ठेवला.

बुधवारी सकाळी बायकोनं पेपर उघडला, वाचला आणि काही न बोलता त्यांच्या पुढ्यात ठेवून आत गेली. संपादकीय पान, डाव्या हाताला, तीच जागा. बाकीच्या जागेत कसलंसं चित्र टाकलं होतं. वर खुलासा, चार वाक्यांचा.

‘गेल्या शुक्रवारच्या लेखात कलम नऊबद्दल लिहिलेलं वाक्य चुकीचं होतं. सुधारित कलमात कामकाजाच्या पंधरा दिवसांची नोटीस आहे. ही दुरुस्ती मंगळवारीच माझ्या हातात आली होती आणि मी ती वाचली होती. लेखिकेला ती मी सांगितली नाही.’

खाली त्यांचं नाव, ठळक अक्षरात.

पोटकलमांनी चष्मा काढला आणि तो खुलासा खिडकीत बसून पुन्हा वाचला. यात त्यांनी स्वतः चाळीस ओळी घातल्या असत्या. प्रस्तावना केली असती, प्रकृतीचं कारण आडून सुचवलं असतं, एखादं पोटकलम उद्धृत केलं असतं. पेन्सिल हातात घेऊन त्यांनी फालतू शब्द शोधला. ‘ती’ काढावा का? नाही, लागतो. ‘गेल्या’? लागतो. तीनदा वाचलं. एक शब्द काढता येत नव्हता, एक घालता येत नव्हता.

काय लिहिते ही बाई, त्यांना वाटलं, आणि पुन्हा जळायला लागलं.